चवीचा मान कोणत्या गावाचा?

जगातील बहुतेक वाद पुराव्याने मिटतात. निदान मिटावेत अशी अपेक्षा असते. चवीचा वाद मात्र पुराव्याने अधिकच पेटतो. अमुक पदार्थ कोणत्या गावी उत्तम मिळतो, हा प्रश्न चार माणसांत निघाला, की ज्याने दहा गावी जाऊन तो पदार्थ खाल्ला आहे त्याचे कोणी ऐकत नाही. ज्याचा जन्म एका गावी झाला आणि ज्याने दुसऱ्या गावची चव घेतलीच नाही, तोच त्या ठिकाणी साक्षीदार होतो आणि तोच न्यायाधीश. पिझ्झा न्यूयॉर्कचा श्रेष्ठ की शिकागोचा, आणि हॉट डॉग नावाच्या पावातल्या सॉसेजवर टोमॅटोचे केचप घालावे की घालू नये, यावर अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या तंटा चालला आहे. महाराष्ट्रात तोच तंटा मिसळीवरून आणि वडापाववरून चालतो. नावडतीचे मीठ अळणी, ही म्हण संसाराइतकीच भूगोलालाही लागू पडते.

या वादाकडे करमणूक म्हणून पाहण्याचा प्रघात आहे, आणि त्यात करमणूक आहे हेही खरे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने तो कान देऊन ऐकावा. पदार्थ चांगला कोठे मिळतो, एवढाच प्रश्न त्यात नसतो. तो पदार्थ मूळचा कोणाचा आणि त्याचा मान कोणी घ्यावा, हे प्रश्न त्याच्या पोटात दडलेले असतात. जेथे माणसे आपापले गाव सोडून आलेली असतात तेथे ते विशेष तीव्रतेने वर येतात. दिल्लीच्या नैर्ऋत्येला लागून असलेले गुरुग्राम हे असे ठिकाण आहे.

गुरुग्रामचे नाव द्रोणाचार्यांशी जोडलेले आहे. पांडवांनी गुरूला दिलेले गाव ते गुरुग्राम, अशी तेथील आख्यायिका. तिलाच अनुसरून २०१६ साली हरियाणा सरकारने गुडगाव हे प्रचलित नाव बदलले. मराठी माणसाचा या भूमीशी आलेला संबंध मात्र आख्यायिकेतला नव्हे, तहनाम्यातला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या बादशाहीचा कारभार हाती घेतला, तेव्हा भोवतालचा मुलूख शिंद्यांच्या वर्चस्वाखाली आला. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनाकाठी पटपडगंज येथे शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला. आणि त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला वऱ्हाडातील सुर्जी-अंजनगाव येथे झालेल्या तहाने दौलतराव शिंद्यांना दिल्ली-आग्र्याकडील मुलूख इंग्रजांच्या स्वाधीन करावा लागला. गुडगावचा प्रदेशही त्यातच गेला. हरियाणातील गावाचे भवितव्य अमरावती जिल्ह्यातील एका गावी ठरले, ही गोष्ट आज दोन्हीकडच्या फारच थोड्यांच्या लक्षात असेल.

त्यानंतर मराठी माणूस या गावी मोठ्या संख्येने पुन्हा येऊ लागला तो तलवार घेऊन नव्हे, नेमणुकीचा कागद घेऊन. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबातून हरियाणा राज्य वेगळे झाले, तेव्हा गुडगाव हे बाजरीच्या आणि मोहरीच्या शेतांमधले एक साधे जिल्ह्याचे ठाणे होते. १९८३ च्या डिसेंबरात तेथल्या मारुतीच्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली. पुढे निवासी वसाहती आल्या, परदेशी कंपन्यांच्या कचेऱ्या आल्या, काचेच्या भिंतींचे मनोरे उभे राहिले. शेतकऱ्यांच्या जमिनीवर एका पिढीच्या अवधीत असे नगर वसले, की ज्याचे बहुसंख्य रहिवासी आपले मूळ गाव दुसरेच सांगतात. बंगाली, तमिळ, पंजाबी, बिहारी, मराठी अशी सर्व मंडळी तेथे शेजारी शेजारी राहतात, आणि प्रत्येकाची खरी चव दुसऱ्याच कोठल्या तरी गावी राहिलेली असते.

विशेष असे, की या नगरातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ हा जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर असा उतरत शेवटी चेन्नईला पोहोचतो. गुरुग्रामच्या एखाद्या सोसायटीत गणेशोत्सवाच्या निमित्ताने मराठी कुटुंबे जमली, आणि मिसळ कोठली यावरून पुणेकर व कोल्हापूरकर यांची जुंपली, तर दोघेही आपापली बाजू एकाच रस्त्याच्या दोन मुक्कामांवरून मांडत असतात. नाशिककर आणि नागपूरकर हे मात्र त्या रस्त्यावरचे नव्हेत. परंतु म्हणून ते वादात मागे राहतील अशी कल्पना कोणी करू नये.

त्या सर्वांची बाजू थोडक्यात अशी आहे. कोल्हापूरकराच्या मते मिसळ म्हणजे मुख्यतः कट. तो लालभडक आणि झणझणीत असावा, आणि सोबत पावाऐवजी ब्रेडच्या जाड चकत्या असाव्यात. पुणेकराला मिसळीत पोहे, चिवडा, बटाट्याची भाजी आणि थोडे गोडसर वळण चालते. तिखटपणाने चव झाकली जाते असे तो सौम्य शब्दांत, परंतु ठामपणे सांगतो. नाशिककर काळ्या मसाल्याची महती गातो. ठाणेकर मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीचे नाव घेतो आणि पुढे काही बोलण्याची गरज मानत नाही. नागपूरकर तर मिसळीलाच बाजूस सारून तर्री-पोहे पुढे करतो. २०१५ साली लंडनमधील एका खाद्यपुरस्कारात दादरच्या आस्वाद उपाहारगृहातील मिसळीला जगातील सर्वांत रुचकर शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला, तेव्हा मुंबईकराच्याही हाती एक दाखला आला. पण लंडनचा निकाल कोल्हापुरात लागू होत नसतो.

वडापावाची वाटणी याहून बारीक आहे. दादर, कल्याण, कर्जत, पुणे आणि ठाणे यांतील प्रत्येक गावी एक दुकान किंवा एक खिडकी अशी असते, की जिच्यापुढे त्या गावचा माणूस दुसऱ्या कोणाचे काही चालू देत नाही. नाशिककराने तर पावच वड्याच्या पिठात बुडवून तळला, आणि त्याला उलटा वडापाव म्हटले.

आता हा पदार्थ मूळचा कोठला, हे इतिहासाला विचारले तर कोणत्याच पक्षाला सोयीचे उत्तर मिळत नाही. वडापावातील शब्दच त्याची वंशावळ सांगतात. पाव हा शब्द पोर्तुगीज. गोव्यात पोर्तुगीजांनी भट्टीतला पाव आणला. तेथे तो पीठ ताडीने आंबवून करू लागले, आणि पुढे मुंबईस आलेल्या गोवेकरांनी व इराण्यांनी तो शहराच्या अंगवळणी पाडला. बटाटा हा शब्दही पोर्तुगीजांचाच. त्या कंदाचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात. गुरुग्रामच्या भाजीवाल्यापाशी मराठी गृहिणी नकळत बटाटा म्हणून जाते आणि तो आलू म्हणतो, तेव्हा एकाच वस्तूच्या प्रवासातील दोन निराळ्या वाटा समोरासमोर येतात. मिरची तर महाराष्ट्राच्या जिभेचे दैवत. पण तीही अमेरिकेतून, पोर्तुगीजांच्याच गलबतांबरोबर, सोळाव्या शतकात आली. हरभऱ्याचे पीठ, मोहरी आणि हळद हे तेवढे जुने रहिवासी. १८०३ साली ज्या मराठी शिपायांनी दिल्लीचा परिसर सोडला, त्यांना आज मराठी बाण्याचे चिन्ह मानला जाणारा हा पदार्थ पाहून तो कोणत्या देशाचा असा प्रश्न पडला असता.

वडा आणि पाव यांचे लग्न लागले तेही फार पूर्वी नव्हे. १९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी आपल्या गाड्यावर बटाटेवडा पावात घालून देण्यास सुरुवात केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते; त्या मानावर इतरांनीही हक्क सांगितला आहे. म्हणजे वडापाव आणि हरियाणा राज्य ही दोन्ही एकाच वर्षाची अपत्ये ठरतात. मराठी परंपरेचे म्हणून जे मिरवले जाते, त्याचे वय इतके थोडे आहे.

परंतु वय थोडे असल्याने मोल कमी होत नाही. खरा विचार करण्याजोगा प्रश्न असा, की हा पदार्थ दादरलाच का जन्मला? दादरची माती किंवा दादरचे पाणी यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. दादर येथे मध्य आणि पश्चिम या दोन रेल्वे एकमेकींना भेटतात. एका गाडीतून उतरून दुसरी गाठणाऱ्या, गिरण्यांच्या पाळीला जाणाऱ्या किंवा पाळीवरून सुटलेल्या माणसांचा लोंढा तेथे अहोरात्र वाहत होता. त्यांच्यापाशी बसून जेवण्याइतका वेळ नव्हता आणि उपाहारगृहात जाण्याइतके पैसेही नव्हते. एका हातात धरता येईल, ताट-वाटी लागणार नाही, चालता चालता संपेल आणि पुढच्या जेवणापर्यंत पोट धरील, असे काहीतरी त्यांना हवे होते. ती गरज ज्याने ओळखली त्याने पदार्थ घडविला.

महाराष्ट्रातील इतर नामांकित ठिकाणांची कारणे शोधली तर तीही अशीच निघतात. कर्जतच्या दिवाडकरांचा बटाटेवडा प्रसिद्धीस आला, तो कर्जतच्या बटाट्याच्या गुणाने नव्हे. पुण्याकडे जाणाऱ्या आगगाड्यांना बोरघाट चढण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिने जोडावी लागत. त्यासाठी गाडी थांबे, आणि ती थांबली की भुकेले प्रवासी फलाटावर उतरत. ठाण्याच्या मामलेदार मिसळीचे नावच सरकारी कचेरीवरून पडले. सात-बाराच्या उताऱ्यासाठी आणि दाखल्यासाठी खेड्यापाड्यांतून आलेला माणूस जेथे ताटकळत उभा राहतो, तेथे मिसळीला गिऱ्हाईक कमी पडत नाही. ती मिसळ करणारे कुटुंब मुर्डेश्वरांचे. म्हणजे त्या आडनावातले गाव कर्नाटकाच्या किनाऱ्यावर आहे. घाट, कचेरी, गिरणी आणि जंक्शन ही मराठी चवीची चार धामे म्हटली तर चुकीचे होणार नाही. जेथे पुष्कळ माणसांना थोडा वेळ उभे राहावे लागते, तेथे ती चव जन्म घेते.

हा नियम महाराष्ट्रापुरता नाही. हॉट डॉगमधील सॉसेजला इंग्रजीत फ्रँकफर्टर आणि वीनर अशी दोन नावे आहेत. एक जर्मनीतील फ्रँकफर्टवरून, दुसरे ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरावरून. गंमत अशी, की व्हिएन्नातील लोक त्याला फ्रँकफर्टचे म्हणतात, आणि जर्मनीत त्याला व्हिएन्नाचे म्हणतात. फ्रँकफर्टमध्ये धंदा शिकलेल्या योहान गेओर्ग लाहनर या खाटकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते व्हिएन्नात विकण्यास सुरुवात केली, हे त्यामागचे कारण सांगतात. पुढे देशांतर करणाऱ्या जर्मनांबरोबर ते अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्यावर, सुटीच्या दिवशी हवा खाण्यास येणाऱ्या कामगारांच्या गर्दीत, पावात जाऊन बसले. तेथे १९१६ साली निघालेले नेथन्सचे दुकान आजही त्याचे क्षेत्र मानले जाते. पिझ्झाचे तसेच. नेपल्स बंदरातील गोरगरिबांचे ते खाणे. इटालियन मजूर अमेरिकेत गेले. १९०५ साली न्यूयॉर्कला लोम्बार्डीचे, १९२५ साली न्यू हेवनला फ्रँक पेपे यांचे आणि १९४३ साली शिकागोला उनो हे दुकान निघाले. आणि मूळ गाव सोडलेल्या पदार्थाची तीन नवी मूळ गावे तयार झाली.

त्याचा इटलीवरही परिणाम झाला. परदेशात थोरवी पावलेली वस्तू मायदेशी परत आली की तिला तेथे पूर्वी नसलेला मान मिळतो, या घटनेला अगेहानंद भारती या मानवशास्त्रज्ञांनी १९७० साली पिझ्झाचेच नाव दिले. हे मूळचे व्हिएन्नाचे. संन्यास घेऊन भारतात राहिलेले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झालेले गृहस्थ. हिंदू धर्मातील काही गोष्टींना पश्चिमेत मान मिळाल्यावर भारतात नवी प्रतिष्ठा कशी आली, हे समजावून सांगण्यासाठी त्यांनी तो दाखला घेतला होता. लंडनच्या पुरस्काराने मिसळीकडे नव्याने पाहू लागलेल्या मंडळींना तो लागू करून पाहण्यास हरकत नाही.

गुरुग्रामच्या शेजारी, खुद्द दिल्लीत, चवीचा मान हा थट्टेचा विषय राहिलेला नाही. तो न्यायालयापर्यंत गेला आहे. १९४७ साली फाळणीच्या वणव्यातून पेशावर सोडून आलेल्या कुंदनलाल गुजराल आणि कुंदनलाल जग्गी यांनी भागीदारीत दिल्लीच्या दर्यागंज भागात मोती महाल हे उपाहारगृह चालविले. तंदूरमध्ये भाजलेली कोंबडी टोमॅटो आणि लोणी यांच्या रश्शात घालून केलेले बटर चिकन तेथून सर्वत्र पसरले. २०१९ साली जग्गी यांच्या घराण्यातील मंडळींनी दर्यागंज याच नावाने निराळी उपाहारगृहे उघडली, आणि आपण या पदार्थाच्या निर्मात्यांचे वारस असल्याचे जाहीर केले. २०२४ च्या जानेवारीत मोती महालाच्या मालकांनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याची कागदपत्रे २,७५२ पानांची होती. कोणाचे म्हणणे खरे, हे सांगणे न्यायालयाचे काम. इतिहासाला त्यात दिसते ते एवढेच, की ज्या पदार्थाला आज जग दिल्लीची चव म्हणते, तो दिल्लीला दिला निर्वासितांनी.

राज्यांराज्यांतील तंटाही असाच दप्तरी दाखल झाला. भौगोलिक निर्देशनाचा कायदा संसदेने १९९९ साली केला आणि तो २००३ च्या सप्टेंबरात अमलात आला. एखाद्या वस्तूचा गुण किंवा लौकिक तिच्या प्रदेशाशी बांधलेला असेल, तर त्या प्रदेशाच्या उत्पादकांनाच ते नाव वापरता यावे, हा त्याचा हेतू. नागपूरची संत्री किंवा कोल्हापूरचा गूळ यांच्या बाबतीत तो हेतू सरळ आहे, कारण तेथे हवा, पाणी आणि जमीन बोलते. परंतु रसगुल्ला कोणाचा, यावर बंगाल आणि ओडिशा यांच्यात वाद झाला, तेव्हा २०१७ साली बांगलार रसोगोल्ला या नावाला आणि २०१९ साली ओडिशा रसगोला या नावाला अशी दोघांनाही नोंदणी मिळाली. छेन्याच्या गोळ्याला एक जन्मभूमी ठरविण्याचे कार्यालयाने टाळले, आणि दोन रीती दोन नावांनी मान्य केल्या. हा निर्णय शहाणपणाचा म्हटला पाहिजे. हल्दीरामच्या बाबतीत अशी नोंद कोणी मागितलेली नाही हे बरे. नागपूरकर त्याला नागपूरचा म्हणतो, दिल्लीकर दिल्लीचा म्हणतो, आणि ज्या बिकानेरात त्या घराण्याचे पहिले दुकान निघाले ते गाव दोघांकडे पाहून हसत असेल.

नेपल्सने या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या वाटेने शोधले, आणि ते विचारात घेण्याजोगे आहे. तेथील पिझ्झा करणाऱ्यांनी १९८४ साली आपली संस्था स्थापन करून पीठ कसे मळावे, भट्टी कशी असावी, याचे नियम बांधले. २०१० साली युरोपीय संघाने नेपल्सच्या पिझ्झाला संरक्षण दिले ते पारंपरिक पद्धत म्हणून. ती पद्धत पाळणाऱ्याने नेपल्सबाहेर पिझ्झा केला तरी चालतो. २०१७ साली युनेस्कोने मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली, ती पिझ्झाची नव्हे. पिझ्झा करणाऱ्या कारागिराच्या कलेची. मान गावाला न देता हाताला दिला. गाव जागचे हलत नाही. हात हलतात, आणि जेथे जातात तेथे चव घेऊन जातात.

महाराष्ट्राने आपल्या वादात या हाताचा विचार फारसा केलेला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुष्कळांना पुन्हा गिरणीचे दार उघडले नाही. गिरणगावातील कित्येक कुटुंबांनी त्यानंतर कढई आणि स्टो घेऊन रस्त्याचा कोपरा धरला. आदल्या दिवसापर्यंत जो पाळीवरून सुटल्यावर वडापाव विकत घेत होता, तो वडापाव तळू लागला. अमक्या गल्लीचा वडा तमक्या गल्लीपेक्षा सरस, असा निकाल चटकन देणाऱ्या खवय्याने ही गोष्ट ध्यानात घेतली, तर निकाल बदलणार नाही कदाचित. पण तो देताना आवाज जरा खाली येईल.

गुरुग्राममध्ये हाच प्रश्न आज नव्या रूपात उभा आहे. या नगरात खाण्याच्या दोन जगांचा शेजार आहे. एक काचेआडचे, जेथे नेपल्सचा पिझ्झा, बटर चिकन आणि वडापावही वातानुकूलित दालनात मिळतो. दुसरे रस्त्याकडेचे, जेथे पहारेकरी, चालक, बांधकामावरचे मजूर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि माल पोहोचविणारी मुले छोले-कुलचे, परोठे आणि लिट्टी यांवर वेळ मारून नेतात. हे गाडे चालविणारेही बहुधा दूरचेच. ज्यांच्या शेतांवर हे शहर उभे राहिले त्या जुन्या गावकऱ्यांची बाजरीची खिचडी, कढी, चुरमा आणि कचरीची चटणी तर या स्पर्धेत कोणी धरतच नाही. सर्वांच्या गावच्या चवीचा वाद जेथे रंगतो, तेथे त्या गावचीच चव मुकी राहावी, हे चमत्कारिक आहे.

उद्या गुरुग्रामची म्हणून एखादी चव जगाला ठाऊक झाली, तर ती कोठे जन्मेल? दादर, कर्जत, ठाणे, कोनी आयलंड आणि नेपल्स यांचा दाखला घेतला तर उत्तर एकच येते. ती काचेआड जन्मणार नाही. मेट्रोच्या जिन्याखाली, कारखान्याच्या फाटकाशी किंवा महामार्गाच्या वळणावर, ज्यांना थोडा वेळ आणि थोडे पैसे आहेत अशांच्या गर्दीत ती जन्मेल. बिहारची लिट्टी, पंजाबचे छोले आणि हरियाणाची बाजरी यांतून ती तयार होईल, की आज कोणाच्या ध्यानीमनी नाही अशा जोडीतून, हे भविष्य कोणी वर्तवू नये. १९६५ साली वडापावाचे भविष्य कोणी वर्तविले नव्हते.

मात्र त्यासाठी एक अट आहे. गाड्याला उभे राहण्यास जागा हवी. पदपथावर व्यापार करणे हा राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे, मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदन सिंग यांच्या प्रकरणात दिला. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा केला. विक्रेत्यांची पाहणी करावी, त्यांना प्रमाणपत्र द्यावे, ज्या समितीने जागा ठरवायच्या तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी घ्यावेत, आणि लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेणारी योजना करावी, असे तो सांगतो. पादचाऱ्याला चालण्यास वाट हवी, स्वच्छता हवी, वाहतूक मोकळी हवी, हेही तितकेच खरे. आणि म्हणूनच कायद्याने हटविण्याऐवजी नेमून देण्याची वाट दाखविली आहे. कायदा कागदावर झाल्याने गाडा सुरक्षित होत नाही, हे मात्र भारतातील कोणत्याही शहराच्या रस्त्यावर पाहावयास मिळते. पाहणी रेंगाळते, प्रमाणपत्र मिळत नाही, आणि सकाळी लागलेली कढई दुपारी उचलावी लागते.

तेव्हा कोठला वडा आणि कोठली मिसळ हा वाद सोडून द्यावा काय? मुळीच नाही. वादामुळेच करणाऱ्याला आपला हात उतरू देता येत नाही. कोल्हापूर पाहत आहे हे ठाऊक असल्यामुळे पुणे जपून राहते, आणि दूरदेशी राहणाऱ्या माणसाला आपले गाव जिभेवर जिवंत ठेवण्याचे एवढे स्वस्त साधन दुसरे नाही. दिल्लीत आंध्र भवनाच्या भोजनगृहाबाहेर लागणारी रांग आणि महाराष्ट्र सदनात जेवणाच्या निमित्ताने जमणारी मंडळी पाहिली, म्हणजे याची खात्री पटते. वाद करावा, मनापासून करावा. फक्त त्याचा निकाल लिहिताना पदार्थाच्या नावापुढे गावाचे नाव लिहून थांबू नये. ते गाव ज्यांच्यामुळे नावारूपास आले ते बहुधा दुसऱ्या गावाहून आलेले होते, आणि त्यांतील पुष्कळांना त्या गावाने उभे राहण्यापुरती जागाही सुखाने दिली नव्हती. चवीचा मान गावाने जरूर घ्यावा; मात्र तो घेण्यापूर्वी कढईपाशी उभ्या असलेल्या माणसाला तेवढी जागा द्यावी.